मधल्या वारी दिलेल्या गोळ्या

तुर्कू, मंगळवार

लाडक्या साइमीताईला,

मी मजेत आहे. सध्या एका प्रयोगशाळेत नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्ताचे गोठवलेले डबे उचलतो. दर गुरुवारी मिळणारं वाटाण्याचं सूप मात्र इथे अगदीच पाणचट. असो.

तुझ्या वेइक्काला मधुमेह झाला तेव्हा मी तुला सगळ्यांदेखत म्हणालो, "पोरांना गोड गोळ्या फक्त शनिवारी द्यायच्या असतात, तू मधल्या वारीही चारल्यास, भोग आता!" काल इथल्या संशोधक इर्मेलीबाईंपुढे तीच अक्कल पाजळली. त्या भडकल्या. "गाढवा, लहानपणीचा हा मधुमेह गोळ्यांनी होत नाही! पुढे तो झालेल्या काही मुलांच्या जन्मवेळच्या रक्तातच बारीक खुणा सापडतात. त्या कशाने उमटतात, तेच शोधतोय आम्ही."

ताई, तेव्हापासून मान वर होत नाही. तुला तसं बोललो तेव्हा वेइक्काही ऐकत होता. आपण गोळ्या खाल्ल्या म्हणून हे झालं, असं वाटत नाही ना त्याला? त्याला सांग, मामा चुकला. नको, शुक्रवारी मीच येतो. दार उघडशील?

तुझा लाजलेला भाऊ,
तूरे