माईकनं खाल्लेलं नाव

उर्से, ता. मावळ
शनिवार

तीर्थस्वरूप माऊलीभाऊ यांस,

उर्स्याहून निवृत्तीचा साष्टांग नमस्कार. (कमरेमुळं साष्टांग प्रत्यक्षात जमत नाही, पण या खेपेला कागदावर तरी पूर्ण घातला आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मुक्ताआईंना आता नीट दिसतं का, की अजून डोळ्यांत थेंब घालावे लागतात? रेणुकावहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. इकडं सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर स्नेहलच्या लग्नापासून तुमची बहीण सविता माझ्याशी जेवणापुरतंच बोलते, तेही ताटाकडं बघून.

हल्ली पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. फोन तुम्ही उचलत नाही, तो तुमचा हक्क आहे. मोबाईलवर बोलून आवाज पाठवला होता, तो तुम्ही ऐकला नाहीत हे बरंच झालं, कारण मी माफी मागतोय आणि मागून कुकर शिट्ट्या घालतोय असा तो प्रकार झाला आहे. तेव्हा शेवटी कागद घेतला. कागदावर मागून कुणाचा आवाज येत नाही.

भाऊ, मला फार लाज वाटते. रस्त्यानं जाताना तुमच्या गावाकडची गाडी दिसली तरी मी दुसरीकडं बघतो. पण जे झालं त्यात माझा दोष किती आणि यंत्राचा किती हे तुम्हाला समजावून सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही, म्हणून जरा लांबण लागली तरी वाचा.

तुम्हाला माहीतच आहे की मावळात कुठंही लग्न असो, साखरपुडा असो, बैलगाड्यांची शर्यत असो, माईक माझ्या हातात असतो. (कंपनीत मी स्टोअरला नट-बोल्ट मोजतो हे निम्म्या तालुक्याला माहीत नाही, पण आवाज ओळखतात.) आता स्वतःच्या पोरीच्या लग्नात बापानं कन्यादान करायचं की पाहुण्यांची नावं पुकारायची? दुसऱ्या कुणाच्या हाती माईक द्यायला मन होईना. मानपान ही नाजूक गोष्ट, एखाद्याचं नाव मागंपुढं झालं तर माणूस जन्मभर धरून बसतो, असं मीच सगळ्यांना सांगत होतो. (हे वाक्य आता लिहिताना पेन जड झालं.) म्हणून मी ठरवलं की स्वागत आधीच घरच्या कॉम्प्युटरवर बोलून ठेवायचं आणि साऊंडवाल्या पवननं ते लग्नात नुसतं लावायचं.

स्नेहलनं कॉलेजला असताना घेतलेला तो मोठा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आहे. त्याला माईक जोडला, दोन वाक्यं बोललो आणि ऐकलं, तर माझ्यामागं कुणीतरी पिठाची गिरणी सुरू केली होती. घर्रर्र. पंखा बंद केला, तरी घर्रर्र. फ्रीज बंद केला. (तो परत चालू करायचा राहिला आणि हळदीसाठी आणलेलं दूध गेलं, तो वेगळा विषय.) खिडकीतून एक्सप्रेसवेच्या गाड्या येत असतील म्हणून खिडकीला गादी लावली. मग तळेगावच्या दुकानात जाऊन कोमल नावाच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, काका, माईकचा बूस्ट कमी करा आणि घराचं अर्थिंग बघून घ्या. बूस्ट कमी करायचं माझ्या जिवावर आलं, कारण बूस्ट म्हणजे ताकद, आणि ताकद कमी करून आजवर कुणी निवेदन केलेलं मी बघितलेलं नाही. अर्थिंगचं मात्र खरं निघालं. कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला हात लावला की घरघर निम्म्यावर यायची आणि हात काढला की परत. वायरमन लग्नसराईत मिळेना, म्हणून मी चप्पल काढून उजवा पाय डब्यावर ठेवला, डोक्यावरून गोधडी घेतली आणि आतून पाहुण्यांचं हार्दिक स्वागत केलं. तेवढ्यात व्याही मांडवाचं विचारायला आले. त्यांनी मला त्या अवस्थेत बघितलं आणि उंबऱ्यातूनच मागं फिरले. त्यांनी सविताला काय विचारलं ते ती अजून सांगत नाही.

राहिलेल्या घरघरीवर इंटरनेटवरच्या एका व्हिडिओत उपाय सापडला. आवाज साफ करायचा एक प्रोग्रॅम असतो. त्याला नुसत्या घरघरीचा थोडासा तुकडा दाखवायचा आणि सांगायचं की बाबा, हा कचरा आहे. मग तो सगळीकडून तो कचरा वेचून काढतो, आणि जिथं हळू काही ऐकू येईल तिथंही सरळ शांतता घालतो. व्हिडिओतला माणूस सांगत होता की साफसफाई कमी-जास्त करायची पट्टी जपून सरकवा. मी म्हटलं, लग्न आपल्या घरचं आहे, जपून कशाला, आणि पट्टी थेट शेवटाला नेली. आवाज जरा तोंडात गुळणी धरल्यासारखा झाला, पण घरघर म्हणाल तर नावाला नाही. मी इतका खूश झालो की पुन्हा सगळं ऐकायच्या ऐवजी पवनकडं पाठवून दिलं आणि दाढी करायला बसलो.

पुढचं तुम्ही भोगलंत. आपल्याकडं नाव पुकारलं की माणूस जागेवर उभा राहून हात जोडतो. सरपंच झाले, गाडामालक झाले, स्नेहलचे काका झाले. काकांच्या मागं मामा हे मांडवातल्या लहान पोरालाही कळतं. तुम्ही फेटा सारखा करून उठलात, हात जोडलेत, आणि स्पीकर गप्प झाला. सगळा मांडव तुमच्याकडं बघत होता. मग माझाच आवाज गुळणी धरून म्हणाला, पतसंस्थेचे माजी संचालक. ते तर आलेसुद्धा नव्हते. तुम्ही पँटला काही लागलंय का बघितल्यासारखं केलंत आणि खाली बसलात. मी बोहल्याजवळून ते बघितलं. धावत येऊन तुमचा हात धरायला हवा होता, पण भटजींनी माझ्या हातात कलश दिला होता आणि मी तो धरूनच उभा राहिलो.

तरी तुम्ही मामाचं काम चुकवलं नाहीत. स्नेहलला हाताला धरून बोहल्यावर आणलंत, अक्षता टाकल्यात, फेट्याची घडी करून खुर्चीवर ठेवलीत आणि जेवणाला न थांबता निघून गेलात. तुमच्या शेतातल्या इंद्रायणीचा भात त्या दिवशी सगळ्या मांडवानं वाखाणून खाल्ला, एक तुम्ही सोडून. 

आता यंत्राचा दोष ऐका. ती पवनकडची फाईल मी नंतर घरी लावून बघितली. काकांच्या नावानंतर बरोबर एक रिकामी जागा आहे. तिथं काहीतरी होतं आणि प्रोग्रॅमनं ते कचरा समजून काढलं. तुमचं नाव मी आदरानं, जरा आवाज उतरवून घेतो हे तुम्ही जाणताच. तो उतरवलेला आवाज त्या मेल्या प्रोग्रॅमला घरघर वाटला. संचालकांचं नाव मी ओरडून घेतलं म्हणून ते वाचले. थोडक्यात, भाऊ, तुमचं नाव मी घेतलं होतं, माईकनं खाल्लं. बघा पटतं का.

मुक्ताआईंच्या पायावर डोकं. लोभ होता तसा परत व्हावा ही विनंती.

तुमचा मेहुणा,
निवृत्ती

ता. क. एक छोटंसं काम होतं. सोयऱ्यांच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः दोन ओळी टाकाल का, की तांत्रिक अडचणीमुळं नाव राहिलं, निवृत्तीचा त्यात दोष नाही? तुमच्याकडून गेलं म्हणजे लोकांना पटेल. पुढच्या महिन्यातली दोन लग्नं माझ्या हातून गेली आहेत.

आणखी ता. क. वरचं सगळं सविताला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, साफ करायच्या आधीचं लावा. मूळ रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर होतंच, मला ते ऐकायचं कधी सुचलं नव्हतं. तुम्हाला दाखवायला पुरावाच होईल म्हणून मी मोठ्या ऐटीत लावलं. काकांचं नाव झालं. त्यानंतर घरघर आहे, लांबून ट्रकचा हॉर्न आहे, आणि स्वयंपाकघरातून तुमच्या बहिणीचा आवाज आहे: "अवो, भाऊचं नाव घ्या की आता." त्यावर गोधडीतून दबक्या आवाजात मी: "तू आत हो बरं. मागनं तुझा आवाज येतोय." मग स्वयंपाकघराचं दार लावल्याचं ऐकू येतं. मग मी घसा साफ करतो आणि संचालकांकडं वळतो.

तुमचं नाव त्यात कुठंही नाही, भाऊ. मी घेतलंच नव्हतं. परक्यांची नावं पाठ करून ठेवली होती, तुमचं पाठ करावं असं डोक्यातच आलं नाही, आणि जिच्या डोक्यात आलं तिला मी दार लावायला सांगितलं. मांडवात ती जागा रिकामी गेली तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. इतके दिवस ती माझ्या लक्षात यायची वाट बघत होती आणि मी तिला अर्थिंग समजावत होतो. पत्र फाडायला निघालो तर म्हणाली, "फाडायचं न्हाई. भाऊला तुमची अक्कल पुरती कळू द्या." म्हणून आहे तसं पाठवतो. ग्रुपवर काही टाकू नका. टाकायचं ते मीच रात्री टाकलं आहे, खरं खरं.

शेवटचं. हे पत्र घेऊन सविता स्वतःच येते आहे. तिला माहेरी ठेवून घ्या, हवे तितके दिवस. परत मात्र तिला एकटीला बसमध्ये बसवून देऊ नका. माहेराहून बहिणीला पोचवायला भावानं यायचं असतं, ती रीत तरी माझ्यामुळं मोडू नका. त्या दिवशी स्नेहल आणि जावईही इकडं येणार आहेत, आणि तुमचा फेटा मी घडी न मोडता ठेवला आहे. ज्या दिवशी याल त्या दिवशी मी फाट्यावर उभा राहीन, आणि तुम्ही गाडीतून उतरलात की तुमचं नाव गावासकट घेईन. हातात माईक नसेल. मागून टोलनाक्यावरच्या गाड्यांचा आवाज आला तर येऊ दे.