कातळवीराला भाऊ नाही

घाटकोपर
१९ सप्टेंबर १९८६

प्रिय सहदेवा,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी चार ओळी आल्या, त्यातल्या तीन कातळवीराच्या. आजी कशी आहे हे विचारायला जागा उरली नसेल. मी बरी आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. माझी शाळा तिसरीपर्यंतची, अक्षर लागलं नाही तर बायकोकडून वाचून घे.

विचारतोस, जिन्याखालून माझी पुस्तकं वाचायला नेणारी पोरं तुझ्या चित्रकथेतल्या कातळवीराबद्दल काय म्हणतात. काही म्हणत नाहीत रे, नेतच नाहीत. पूर्वी नवा अंक दोरीला लावला की खाली मारामाऱ्या व्हायच्या, आधी कोण नेणार म्हणून. हाताळून हाताळून पानं फडक्यासारखी मऊ पडायची. आता अंक करकरीत लटकतात आणि करकरीतच परत जातात. शेजारच्या रतनची सुगंधा, नऊ वर्षांची आहे, तिला मुद्दाम विचारलं. म्हणाली, आजी, तो खोटारडा आहे. मी म्हटलं, कोण गं, कातळवीर? तर म्हणते, तो नाही, लिहिणारा. लिहिणारा माझा नातू आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

तुझा शंभरावा अंक आला तेव्हा हीच सुगंधा दोन दिवस धड जेवली नव्हती. कातळवीर खाणीच्या पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. पोरांनी जिन्यात पणती लावली, माझंच तेल घेऊन. मी ओरडलेसुद्धा नाही. आणि एकशे एकाव्यात तू काय केलंस? बुडाला तो म्हणे दुसराच कुणी, कातळवीराचे कपडे घातलेला, आणि खरा आला हसत हसत पाण्याबाहेर. अरे मेल्या, रडलेल्या पोरांना वेड्यात काढतात होय? कातळवीर मेला म्हणून पोरं गेली नाहीत. त्यांचं रडणं तू फुकट घालवलंस, म्हणून गेली.

तुझ्या अंकाचे मालक म्हणतात दिवाळीपर्यंत वाचक परत आले नाहीत तर कातळवीर बंद. आणि तू मला विचारतोस, त्याला उडता यायला हवं का, नवा राक्षस आणू का, पानं रंगीत करू का. नऊ वर्षं त्याला दगडाचं अंग देऊन ठेवलंस. ज्याला काही लागतच नाही त्याची काळजी कोण करणार? वर त्याला पंख लाव, म्हणजे ओवाळायचाच बाकी राहील.

मी तुझे सगळे अंक वाचलेत, बोट ठेवून, पोरांच्या आधी. कारण पहिल्या अंकाच्या पहिल्याच पानावर मला आपला धाकू दिसला, तुझा थोरला. तुटका पुढचा दात, उजव्या भुवईतली खोक. चौदा वर्षांचं माझं पोर, खांद्यांवर पुरुषाचं मांस चढवून तू उभं केलं होतंस. कातळवीर हे नावही त्याचंच. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोळशानं तो काढायचा आणि तू शेजारी बसून पाहायचास. नऊ वर्षं दर महिन्याला तो पाण्यातून निथळत बाहेर येतो आणि माझ्या दोरीवर चिमट्याला लटकतो. दुपारी जरा डोळा लागला की मला जिन्यात ओल्या पावलांचा आवाज येतो. भूतबित मी मानत नाही. उठते, फडकं घेते, जिना पुसायला जाते. जिना कोरडाच असतो. तरी पुसते.

पोरांना कळली नाही अशी एक गोष्ट मला कळली. तुझ्या कातळवीराला आई आहे, मास्तर आहेत, लंगडा कुत्रा आहे. भाऊ नाही.

त्या दिवसाबद्दल आपण वीस वर्षं बोललो नाही. तू दहा वर्षांचा होतास. टेकडीमागच्या खाणीवर दोघं गेलात आणि तू एकटा आलास. मी भाकऱ्या थापत होते. तू कोपऱ्यात बसून पाटीवर रेघा ओढत राहिलास. माझ्या सगळ्या भाकऱ्या झाल्या, तवा उतरला, तेव्हा म्हणालास, आजी, धाकू पाण्यात आहे. तुझे कपडे ठणठणीत कोरडे होते. पोटऱ्यांवर धूळ तशीच होती. तुला पोहता येत नव्हतं, काठावर उभा राहून घाबरला असशील, सगळं मला एका नजरेत कळलं. पण चाळ गोळा होणार होती, तुझा बाप कामावरून येणार होता, आणि जो तो विचारणार होता, भाऊ बुडत होता तेव्हा तू काय करत होतास? मोरीत बादली भरलेली होती. मी ती तुझ्या डोक्यावर ओतली, आणि मग बोंब मारली.

पुढं तुझे वडील, नाना, जन्मभर सांगत राहिले, माझ्या लहान्यानं भावासाठी उडी घेतली, चिंब होऊन आला पोर. येईल त्या पाहुण्याला सांगायचे, आणि तू उठून बाहेर जायचास. दहाव्याला बायका जात नाहीत, मी गेले. मला कोण अडवणार? झाडभर कावळे होते, पिंडाला एक शिवेना. नानांनी हात जोडून कबूल केलं, धाकू, तुझी चित्रं जपू, धाकट्याला चित्रकलेला घालू. एकही उतरला नाही. काय बोलायला हवं ते मला ठाऊक होतं, तुलाही ठाऊक होतं. दोघं गप्प राहिलो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

येत्या मंगळवारी धाकूचं पान आहे. नाना गेले, आता पान वाढून गच्चीवर मीच ठेवणार, आणि या खेपेला कावळ्यांना खरं सांगणार. तुझ्या माघारी सांगणं बरं नव्हे, म्हणून हे पत्र. यायचं तर ये. नाही आलास तरी एवढं कर. धाकूला आता पाण्यातून काढू नकोस. पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर लिही, शंभराव्यात बुडाला तोच कातळवीर, त्यानंतरचं मी खोटं लिहिलं. मग काठावर त्याचा धाकटा भाऊ काढ. दहा वर्षांचा, साध्या कातडीचा, कोरडा. इथून पुढं त्यानं चालायचं. पोरं येतील, सुगंधाला मी स्वतः नेऊन देईन. आणि पुढच्या चौकटीत घराच्या दारात एक बाई काढ, हातात रिकामी बादली. तोंड नीट काढ, सहदेवा. बघणाऱ्याला मी ओळखू आले पाहिजे.

तुझीच,
जानकीआजी