टाकीच्या झाकणातील साबणाविषयी

मी, सियाका मिलोगो, जन्म सुमारे १९३६ (तारीख आईला आठवत नसे, त्या वर्षी टोळ आले होते एवढेच ती सांगे), धंदा मोबिलेट (पेडलवाली छोटी मोटारगाडी, दोन चाकी) दुरुस्ती, राहणार आकारव्हिल, बोबो-जुलासो, हा कागद माझ्या ओसरीवर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. माझ्यामागे माझे जे काही उरेल त्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम पहिले. राहते घर आणि अंगण माझी मुलगी मिनाता हिला. मुलगा द्रिसा याने वाईट वाटून घेऊ नये. त्याने अबीजानला घर बांधले तेव्हा "बाबा, ही खोली तुमची" असे म्हणून एक खोली मला दाखवली होती. मी तिथे राहिलो नाही, कारण त्या खाऱ्या हवेत पितळसुद्धा हिरवे पडते. दुकानापुढचे नेरेचे झाड कोणी तोडू नये. त्याच्या सावलीत एक फळी असे, तिच्याविषयी पुढे येईल.

कलम दुसरे. पोस्टातली शिल्लक माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला. उरली तर दोघांनी वाटून घ्यावी.

कलम तिसरे. हत्यारांची पेटी अशा कोणालाही द्यावी, जो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये तार घालत नाही. तारेने भोक केसभर जरी मोठे झाले, तरी गाडी पेट्रोल पीत सुटते आणि धाप लागल्यासारखी चालते. जेट तोंडाने फुंकावे. पेटीतला आठ नंबरचा पाना १९९१ पासून याकूबा शिंप्याकडे आहे. तो म्हणतो, परत दिला. साक्षीदार तोच असल्यामुळे हे वाक्य वाचूनच त्याला सही करावी लागेल.

कलम चौथे. कवितांची वही मिनाताला. तेलाचे डाग पुसू नयेत. कोणती कविता किती वेळा म्हटली ते त्यांवरून कळते. या कविता आम्हाला कोनाते मास्तरांनी शिकवल्या. त्यात बर्फ वितळून वाहणाऱ्या एका नदीची लांबलचक कविता होती. बर्फ आम्ही पाहिले नव्हते, मास्तरांनीही नाही, तरी ती म्हणताना आमच्या हाता-पायांना गारवा येई. पुढे मी तिचा उपयोग धंद्यात केला. कार्ब्युरेटर जुळवला की गाडी स्टँडवर चालू ठेवायची आणि ती नदी पहिल्या ओळीपासून म्हणायला घ्यायची. शेवटच्या ओळीपर्यंत इंजिन बंद पडले नाही, तर गाडी नीट झाली. गिऱ्हाइके हसत, पण थांबून ऐकत. हे माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते आणि ते मीच नासवले.

कलम पाचवे. दुकानातली निळी मोबिलेट, पेडल, पंप आणि टाकीच्या झाकणासह, पेंदा सांगारे हिला, सध्या राहणार बांफोरा. ती नसल्यास तिच्या मुलांना. याचे कारण लिहिणे मला भाग आहे.

पेंदा गुरे पाळणाऱ्या फुलानी जमातीची, मी शेतकरी बोबो. आमच्या दोन जमातींत पणज्यांच्याही आधीपासूनचा करार आहे: एकमेकांना गुलाम म्हणायचे, वाटेल तशी थट्टा करायची आणि कोणी रागवायचे नाही. नेरेच्या झाडाखाली फळी टाकून ती ऑइल मिसळलेले पेट्रोल बाटल्यांतून विकायची. सकाळी मी दुकान उघडायच्या आधी तिचा आवाज यायचा.

"ए माझ्या गुलामा! उठलास का, की ज्वारीची दारू अजून उतरायचीय?"

मी दारूला शिवत नाही हे तिला माहीत होते.

"उठलो, गायचोर बाई! काल कोणाच्या गोठ्यातून आलीस?"

"तुझ्याच. पण गाय कुठली असायला? तुझी बायको बांधलेली होती, तिला सोडून आले!"

माझी बायको घरातून हसायची. असे नऊ वर्षे चालले.

१९८४ च्या पावसाळ्यात कोनाते मास्तरांची निळी मोबिलेट माझ्याकडे आली. कार्ब्युरेटरच्या वाटीत पाणी सापडले. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असते, त्यातून पाऊस आत जात होता. आमच्याकडे गळक्या टाकीला साबण लावतात. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. मी झाकण उलटे केले, आतल्या बाजूने भोकावर साबणाचा गोळा अंगठ्याने दाबून बसवला आणि निर्धास्त झालो. नदी शेवटच्या ओळीपर्यंत म्हटली. गाडी चालू राहिली.

दुसऱ्या दिवशी मास्तर गाडी ढकलत आले. चार किलोमीटर गेल्यावर बंद पडली होती. मी टाकी उघडून आत पाहिले, जेट फुंकले, प्लग पुसला, गाडी लगेच सुरू झाली. पुन्हा नदी, पुन्हा ठीक. पुन्हा चार किलोमीटर आणि पुन्हा बंद. असे पाच वेळा झाले. ज्यांनी मला ती कविता शिकवली, ते सत्तरीचे मास्तर भर पावसात ते लोखंड पेडल मारत परत आणत. पाचव्यांदा ते एवढेच म्हणाले, "सियाका, अजून तेच." दुकानापुढे दहाबारा माणसे होती. मी वाटी उघडली. तळाला पाण्याचा एक थेंब राहिलेला होता. मनात म्हटले, पावसाची वाट तर मी बंद केली आहे, म्हणजे पाणी बाटलीतूनच येते. माझीच दुरुस्ती मला पुरावा वाटली.

मी म्हणालो, "मास्तर, फुलानी बाई दुधात पाणी घालते, तर पेट्रोल सोडेल होय?"

सगळे हसले. पेंदा सर्वांत मोठ्याने. "बघा, माझ्या गुलामाला वाचा फुटली!"

मग मी न हसता ती वाटी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढून फिरवली. तिचे हसू थोडा वेळ तसेच चालू राहिले. तिला रागवता येत नव्हते. रागावली असती तर करार तिने मोडला असता. मला हे माहीत होते. त्या आडोशाला उभा राहूनच मी बोललो.

तीन आठवड्यांत तिची फळी ओस पडली. सामान बांधताना ती म्हणाली, "जाते रे गुलामा. आता तुझी गाडी कोणाच्या पाण्यावर चालते ते बघत बस."

त्याच आठवड्यात दुसऱ्याकडचे पेट्रोल भरूनही मास्तरांची गाडी चार किलोमीटरवर बंद पडली. पेंदा निर्दोष आहे हे मला त्या दिवशीच कळले. मी म्हणालो, "मास्तर, कार्ब्युरेटरच झिजलाय." त्यांनी गाडी भिंतीला लावली ती कायमची. पुढे वारण्यापूर्वी ती मलाच देऊन गेले. झाकण धुवायला घेतले तेव्हा आत साबण दगडासारखा वाळला होता आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा रेषान् रेष उमटलेला होता. भोक बंद असल्यामुळे टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हते. झाकण उघडले की हवा जाई आणि दोष पळून जाई. उभ्या गाडीला पेट्रोल लागते थोडे, म्हणून माझ्या कवितेला तो कधी सापडला नाही. प्रत्येक वेळी मी टाकीत डोकावलो. हातातल्या झाकणाकडे पाहिले नाही.

एकदा मी बांफोराला गेलो. तिने दूध दिले, चार तास बसवून घेतले.

"कशाला आलास रे, दारुड्या?"

"तुझ्या गायी मोजायला."

"मोज मोज. बोबोला दहाच्या पुढे येतात कुठे?"

हसून हसून डोळ्यांना पाणी आले. ते बोलायचे वाक्य तोंडापर्यंत येई आणि थट्टा होऊन बाहेर पडे. शेवटच्या बसने परत आलो.

अजूनही कोपऱ्यावरच्या चहाच्या अड्ड्यावर त्याच पत्तीवरचा तिसऱ्या फेरीचा चहा पातळ झाला, की पोरे म्हणतात, "हे पेंदाचं पेट्रोल." पेंदा कोण हे त्यांना ठाऊक नाही.

म्हणून माझी आज्ञा अशी. जनाजा उचलण्यापूर्वी द्रिसाने हे कलम मोठ्याने वाचावे, आणि नंतर चहाच्या अड्ड्यावरही. पेंदा किंवा तिच्या घरचे कोणी आल्यास, रिवाजाप्रमाणे ते वाट अडवून माझी टवाळी करतील. त्यांना कोणी आवरू नये, पैसे देऊन लवकर वाट मोकळी करून घेऊ नये. त्यांचे सगळे बोलून होईपर्यंत मला उन्हात थांबवावे. पातळ चहाला यापुढे "सियाकाचा साबण" म्हणावे.

गाडी घेणाऱ्यासाठी: चालता चालता बंद पडली, तर प्रथम झाकण सैल करून पाहावे. मग नळी, मग वाटी, मग जेट. आणि दुसऱ्याच्या बाटलीकडे सर्वांत शेवटी.

कलम सहावे. वरील मजकूर याकूबाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हाताऱ्या, बांफोरा दोन तासांवर आहे. मेल्यावर कशाला सांगतोस? जिवंतपणी चार शिव्या खाऊन ये की!" त्याचे म्हणणे मला मान्य आहे. येत्या गुरुवारी सकाळच्या बसने मी जाणार आहे. तिच्यासमोर, न हसता, हे बोलून आलो तर कलम पाचमधील वाचनाची आज्ञा मी स्वतः लाल शाईने खोडीन. गाडी तिचीच राहील. ही आज्ञा तुम्हाला न खोडलेली दिसली, तर मी गेलो नाही असे समजावे आणि मोठ्याने वाचावे.

साक्षीदार:
१. याकूबा ट्राओरे, शिंपी. (पाना परत दिला आहे. तरी सही करतो.)
२. आवा मिलोगो, शेजारीण.

बोबो-जुलासो, सोमवार, १४ मार्च २०११.

मला सही येते. कोनाते मास्तरांनी चांगली गिरवून घेतली होती. तरी येथे डाव्या हाताचा अंगठा उठवीत आहे. साबणावर होता तोच.