पेल्यावरचा हात

प्रिय ठमे,

पत्र पोस्टाने न येता तुझ्या वहिनीच्या भावाच्या हातून आलंय, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील. तब्येती ठणठणीत आहेत. बिनसलंय ते निराळंच, आणि ते मी माझ्या चालीने सांगणार. शेवटचं पान आधी उलटून बघू नकोस; ती खोड तुला लहानपणापासून आहे.

आधी तुझ्या चित्राची बातमी. पेल्यावर पालथा ठेवलेला तो हात आता गावभर झालाय. पाण्याच्या टाकीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, रंगाच्या कारखान्याच्या कुंपणावर, उभ्या ट्रकच्या धुळीत बोटाने काढलेला. समोरच्या न्हाव्याने आरशाच्या कोपऱ्यात साबणाने काढलाय. मला विचारतो, काय पेंटर, हे मूळचं तुमचं का? म्हटलं, नाही. म्हणाला, तरीच. त्या ‘तरीच’चा अर्थ मी अजून लावतोय.

माझं पोस्टर कुठे आहे, असं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो. निम्मा गठ्ठा दुकानात आहे. तीन रंग, छपाईच्या तीन वेगळ्या जाळ्या, आणि एकाही कागदावर रंग केसभर सरकलेला नाही. पेल्यातली कवटी अशी की तिचे दात पाण्यातून दिसावेत तसे किंचित मोडलेले दिसतात. ‘हे पाणी विष आहे’ याची अक्षरं मी नव्याने घडवली, कुठल्या पुस्तकातून उचलली नाहीत. कारखान्यावरच्या मोर्च्यात लोकांनी वाहवा केली, आणि उरलेला निम्मा गठ्ठा घरी नेऊन कपाटात ठेवला. एवढं चांगलं आहे, खराब कशाला करायचं, म्हणाले. तुझं कोणी जपलं नाही. ज्याने त्याने काढलं.

आणि तू केलंस काय, तर सुट्टीला आलीस, माझ्या टेबलाशी बसलीस, माझाच बाद झालेला कागद उलटा केलास, माझाच केस झडलेला ब्रश घेतलास आणि वहिनीचा चहा उकळेपर्यंत मोकळी झालीस. मी म्हटलं, पेला कलंडलाय, रेघ थरथरतेय, अंगठा करंगळीच्या जागी आलाय. तू म्हणालीस, असू दे रे दादा, कळतंय ना. मी कुठल्या कलाशाळेची पायरी चढलो नाही. जुन्या पाट्यांसमोर उन्हात उभा राहून हात बसवला, एकेका वळणासाठी जीव टाकला. तुझं ते ‘कळतंय ना’ माझ्या पोटात अजून दुखतंय.

जास्त कशाने दुखतं सांगू? तो हात मीही पाहिला होता. नळाला पहिल्यांदा पिवळं पाणी आलं त्या सकाळी आपण दोघं दारातच उभे होतो. शेजारणीच्या पोराने पेला तोंडाला लावला आणि ती ओल्या पायांनी धावत आली, पोराला हाक मारायलाही थांबली नाही, सरळ पेल्यावर हात ठेवला. दोघांनी एकच पाहिलं. मी आत जाऊन कवटी काढली.

हे आजचं नाही. पंधराव्या वर्षी मी किराणा दुकानाची पाटी रंगवली, तेव्हा बाबा म्हणाले, ओळ सरळ आहे. तू कोळशाने मागच्या दारावर बिनशेपटीची मांजर काढलीस, आणि आईने घर रंगवताना तेवढं दार सोडायला लावलं. तो रंग मीच देत होतो. मांजरीच्या कडेकडेने, जपून.

आता मूळ मुद्दा. गेल्या आठवड्यात पोलीस चौकीवरचे साहेब आणि हवालदार दुकानात आले. कारखान्याची तक्रार आहे: लोकांत भीती पसरवली, भिंती खराब केल्या. तुझा मूळ कागद त्यांच्या हाती लागलाय, आणि त्याच्या पाठीवर माझ्या दुकानाची छपाई. साहेबांनी विचारलं, कोणी काढलं? मी म्हटलं, मी. वहिनी तिच्या भावाजवळ कौतुकाने सांगतेय की बहिणीची सरकारी शाळेतली नोकरी वाचवायला ह्यांनी अंगावर घेतलं. सांगू दे. तुला मात्र खोटं लिहिणार नाही. ‘मी’ म्हणताना तुझी नोकरी डोक्यात होतीच, पण तिच्या आधी काहीतरी होतं. बरं वाटलं, ठमे. फार बरं वाटलं.

साहेब म्हणाले, मग काढून दाखवा. काढलं. हवालदाराने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, साहेब, यांचा अंगठा बरोबर जागी आहे. पुन्हा काढलं. अंगठा चुकवला, तर पेला ताठ उभा राहिला. तिसऱ्यांदा पेला कलंडवला, पण रेघ काही थरथरेना. साहेब हसले नाहीत, तेच लागलं. म्हणाले, काका, हे तुमच्या हातचं नव्हे. सोमवारी या, आणि येताना खरं नाव घेऊन या.

तेव्हापासून दुकान अर्धं उघडून मी तेच गिरवतोय. डाव्या हाताने काढून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. प्रत्येक वेळी सुबकच येतं. म्हणून हे पत्र. तू इकडे येऊ नकोस, तिथे कोणी विचारलं तर तुला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही, आणि हे वाचून झालं की जाळून टाक. फक्त याच माणसाच्या हाती चार ओळी लिहून दे: पहिली रेघ कुठून ओढलीस, मनगटाकडून की बोटांकडून? ब्रश कुठे धरला होतास? कागदाकडे बघत होतीस, की शेजारणीच्या दाराकडे? आयुष्यात पहिल्यांदा तुला काही विचारतोय, नीट सांग. सोमवारी मला ते तुझ्याइतकं वाईट काढता आलंच पाहिजे. आणि एकदा काढता आलं, की ते चित्र माझं. परत मागायचं नाही.

तुझाच,
दादा