केतकीच्या गेमला श्री

२ ऑक्टोबर २००६, दसरा
आज मॅकची पूजा केली. मॅक म्हणजे माझ्या बायकोच्या, शोभाच्या भावाने, मंदारने, पुण्याहून आमच्या केतकीला पाठवलेला जुना पांढरा लॅपटॉप. विळी, स्क्रू-ड्रायव्हर, माझा ऑफिसचा पेन आणि मॅक एका रांगेत. हळद-कुंकू, अक्षता, आपट्याची पानं. केतकी परीक्षेसाठी यवतमाळला मावशीकडे. म्हणून घरचा कर्ता या नात्याने मीच सगळं केलं.

तहसील कार्यालयात सव्वीस वर्षांची नोकरी. वर श्री लिहिल्याशिवाय एकही नवी फाइल माझ्या टेबलावरून हललेली नाही. मॅक उघडून पाहतो तर पोरीच्या गेमच्या तेवीस फायली, बावीस चित्रांच्या आणि एक आवाजाची, आणि एकीवरही श्री नाही! एकेक नाव धरून त्याच्या पुढे श्री टाइप केला. दीड तास लागला. नंदकिशोरला कंप्युटर येत नाही म्हणणाऱ्यांनी पाहावं.

४ ऑक्टोबर, सकाळी ७
गेम उघडत नाही. खालच्या पट्टीतलं चित्र तीन उड्या मारतं, काळी खिडकी येते, जाते. मग इंग्रजीत निरोप: अनएक्स्पेक्टेडली क्विट. आमच्याकडे असं कोणी अनएक्स्पेक्टेडली सोडून गेलं तर खात्याची चौकशी लागते.

गेमचं नाव ‘बंडी’, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. कापसाने भरलेली बंडी दारव्ह्याच्या बाजारापर्यंत पोचवायची, एवढंच. केतकी आणि तिची वर्गमैत्रीण ममता, तांड्यावरच्या शंकरसिंगची मुलगी, दोघी वर्षभर यावर खपल्या. चित्रं ममताची, बाकी सगळं केतकीचं. चौदा तारखेला नागपूरला निवड आहे. निवड झाली तर पुण्याच्या संस्थेत दोन वर्षं शिक्षण, राहणं-जेवण फुकट. केतकीला दुसरं काही सुचत नाही.

संकल्प: ती परत येण्याआधी गेम दुरुस्त करून ठेवणे. बापाची भेट.

५ ऑक्टोबर
बॅटरी काढून पुसून बसवली. लोडशेडिंगमुळे एवढंच जमलं. उद्या नक्की.

६ ऑक्टोबर
मंदारला फोन. म्हणाला, ‘भाऊजी, परमिशन रिपेअर करून बघा, आणि बाकी कशाला हात लावू नका.’ परमिशन! ती कशी द्यायची आणि कशी अडवायची हे मला पुण्याहून कळणार? केलं रिपेअर. अर्धा तास पट्टी सरकत होती. काम न होता वेळ कसा जातो हे त्या यंत्राला छान जमतं. गेम उघडला नाही.

७ ऑक्टोबर
ऑफिसच्या कंप्युटरची व्हायरसची सीडी आणून मॅकमध्ये घातली. मॅकने ती ओळखलीच नाही. परत बाहेर टाकली. उद्धट मशीन.

शोभा म्हणाली, ‘कायले हात लावता तुम्ही? तिची ती पाहून घेईल.’ बायकांना तंत्रज्ञानाची भीती असते.

८ ऑक्टोबर, रविवार
कंप्युटर क्लासवाल्या धर्मपालला घरी बोलावलं. दोन तास बसला, तीन कप चहा प्यायला. म्हणाला, ‘साहेब, आपण सारे विंडोजवाले. पण मले एक सांगा, फायलीचे नावं कोणी बदलले काय?’ मी म्हटलं, कोणीही नाही. श्री लावणं म्हणजे नाव बदलणं नव्हे. माझ्या नावाआधी श्री लावला म्हणून मी दुसरा कोणी होतो का? असल्या माणसाने क्लास काढला, याचं आश्चर्य वाटतं.

माझं निदान तयार आहे. ममताच्या चित्रांत तांबडा रंग फार आहे. मशीनला सोसत नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार
केतकी आली. चप्पल काढायच्या आधी मॅक उघडला. दहा मिनिटांत आतून बैलांच्या घुंगरांचा आवाज.

मी आनंदाने आत गेलो तर ती केसांच्या पिनेने बटणांतल्या अक्षता काढत होती. म्हणाली, ‘बाबा, गेम त्या-त्या नावाने फाइल शोधतो. नाव सापडलं नाही की बंद पडतो. तुम्ही तेवीसही बदलवले.’ सगळे श्री तिने पुसून टाकले होते! दसऱ्याला लावलेले! मी काही बोललो नाही. नंतर शोभाला दीड तास बोललो.

केतकीने माझ्याकडून शब्द घेतला की मी आता मॅकला हात लावणार नाही. दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

१२ ऑक्टोबर
ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नाही. दिल्लीहून गाड्या येतात, कॅमेरे येतात, सर्वेक्षणाचे फॉर्म येतात. कापसाच्या संकटाचा सर्वांत जास्त त्रास आमच्या टेबलाला झाला आहे, पण हे कुठल्याच पेपरात येत नाही.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
उद्या पोरगी एवढ्या मोठ्या परीक्षेला जाणार आणि देवाचं नाव नाही. जेवण गोड लागेना. केतकी ममताला घ्यायला स्टँडवर गेली तेव्हा मॅक उघडला. तडजोड केली. चित्रांना नाही, फक्त त्या एका आवाजाच्या फाइलला श्री लावला. तेवीसमधून एक! एवढं तर देवाचं हक्काचं आहे. दिलेला शब्द मोडला असं होत नाही. हात लावणं वेगळं, श्री लावणं वेगळं.

ममता आल्यावर केतकीने गेमची एक सीडीही काढून घेतली. म्हणजे सीडीलाही श्री लागला. दुहेरी संरक्षण.

१४ ऑक्टोबर
पहाटेच्या एसटीने गेल्या. सोबत शंकरसिंग. मी जाणार होतो, पण फॉर्मांपायी सुटीच्या शनिवारीही ऑफिस.

११.२० ला ऑफिसात फोन. केतकी, कोणाच्या तरी मोबाइलवरून. गेम उघडत नव्हता. सीडीवरूनही नाही. परीक्षकांनी पंधरा मिनिटं दिली होती, त्यातली सहा गेली होती. तिने चित्रांच्या बावीसही फायली तपासल्या, बरोबर होत्या. विचारलं, ‘बाबा, खरं सांगा, तुम्ही हात लावलता का? लावला असला तरी मी रागावत नाही, फक्त सांगा.’

मी म्हटलं, नाही. तुझी शपथ.

टेबलासमोर पाच माणसं उभी होती. मुलीने बापाला असं विचारणं त्यांनी ऐकलं असतं तर काय वाटलं असतं?

१५ ऑक्टोबर, रविवार
तिला ती आवाजाची फाइल परतीच्या एसटीत सापडली म्हणे. घरी येऊन मॅक माझ्यासमोर ठेवला आणि त्या नावावर बोट ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मी समजावलं असतं. मी तरीही समजावलं. ज्या मशीनला देवाचं नाव सोसत नाही, त्या मशीनवर आयुष्य उभारू नये, हे वेळेत कळलं ते बरंच झालं.

ती उठून गेली. मॅक तसाच राहिला. शोभाने आज माझं ताट झाकून ठेवलं आणि झोपली.

संकल्प: कंपनीला तक्रार अर्ज लिहिणे. तीन प्रतींत.

१९ ऑक्टोबर
निकाल. ममताची निवड झाली. केतकीची नाही.

ममता चित्रांची वही सोबत घेऊन गेली होती. परीक्षकांनी ती पानन् पान पाहिली, ठेवून घेतली. केतकीचं सगळं काम मॅकच्या आत होतं. ते दिसलंच नाही, तर मार्क कशाला देणार? मी केतकीला हेच सांगत आलो: कागद तो कागद.

तांड्यावरची पोरगी पुण्याला जाणार आणि आपली इथे. असो. केतकीला बीएस्सी आहे. मुलगी नजरेसमोर राहील. दिवाळीला घर भरलेलं असेल. देव करतो ते विचार करून.

२७ ऑक्टोबर
शंकरसिंग ऑफिसात आला. ममताच्या प्रवेशाला उत्पन्नाचा दाखला लागतो, ३१ ही शेवटची तारीख. त्यावर आधी माझा शेरा, मग साहेबांची सही. आठवा नंबर होता त्याचा. नियमाने वेळ संपली. सोमवारी या म्हटलं.

३० ऑक्टोबर, सोमवार
आला. पेढे आणले होते. तपासणीची यादी सापडेना. उद्या या म्हटलं. म्हणाला, ‘साहेब, दोन खेपा झाल्या. उद्या वेचणीवाल्या बाया येऊन राह्यल्या. पोरीचं काम आहे, तुमच्या केतकीसारखीच आहे ना ती.’ हे मला आवडलं नाही. सारखी कशी? पेढे मात्र चांगले होते.

मनात काही नाही माझ्या. हे इथे लिहून ठेवतो.

३१ ऑक्टोबर, मंगळवार
आज रांगेत केतकी उभी. शंकरसिंग शेतात अडकला म्हणून ममताचा अर्ज घेऊन ही आली. अकराव्या नंबरला. मी हाक मारली, आत ये, खुर्ची घे. आली नाही. सव्वा तास उभी राहिली. नंबर आल्यावर अर्ज समोर ठेवला आणि म्हणाली, ‘साहेब, ममता शंकरसिंग राठोड. आज शेवटची तारीख आहे. शेरा पाहिजे.’

एका मिनिटात दिला. यादी ड्रॉवरमध्येच होती. ‘थँक्यू साहेब’ म्हणून गेली. वळून पाहिलं नाही.

बाजूच्या टेबलावरच्या सगळ्यांनी फायलींत डोकी घातली. प्रभावित झाले असणार. ऑफिसात बापाला साहेब म्हणायची शिस्त आजकाल किती मुलांना असते? मला भरून आलं.

संध्याकाळी घरी पोचलो तर ओट्याशी केतकीच. माझ्याकडे न बघता विचारलं, ‘साहेब, चहा ठेवू का?’

हो म्हटलं. चहा आणून ठेवला, गेली. शोभाला म्हटलं, पोरगी अजून ऑफिसातच आहे की काय.

उद्या केतकीला सांगायचं, घरात बाबा म्हटलं तरी चालेल.