माडाला नेसवलेलं अबोली पातळ

आई,

तुझं अबोली पातळ मी जर्मनीला पाठवलं. तू रागावायच्या आत कारण सांगते. धाकटीला ते स्वतःला नेसायला नको होतं, झाडाला नेसवायला हवं होतं. आता तुझा राग गेला असेल आणि तू विचारशील, झाड कसलं. माडच आहे, म्हणजे माडाचा लांबचा चुलत भाऊ. मूळचा चीनच्या डोंगरातला. पानं ताडासारखी, पंख्याची, आणि खोडावर काथ्यासारखे तपकिरी केस, जन्मतःच स्वेटर घालून आल्यासारखा. हा बर्फातही जगतो, पण लहान आहे तोवर हिवाळ्यात गुंडाळून ठेवायचा, असं तिथल्या रोपं विकणाऱ्या माणसाने तिला सांगितलं. पानं वर गोळा करून सुतळीने बांधायची, बुंध्याशी पेंढा घालायचा आणि अंगाभोवती कापड. धाकटीने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसतेय की रडतेय तेच मला कळेना. "ताई," ती म्हणाली, "इथे लोक झाडांना खरंच कपडे घालतात गं. आणि आपण आईला वेड्यात काढायचो."

काढायचो. बाबा काढायचे, वरच्या मजल्यावरच्या बेन काढायच्या, आणि सगळ्यांत जास्त मी. भाईंदरला केबिन रोडच्या मागे आपली ती तळमजल्याची जागा, स्वयंपाकघराची खिडकी, आणि खिडकीबाहेर सांडपाण्याच्या पाइपाला खेटून दोन माड. मोठा माझा, छोटा धाकटीचा. राई गावात, तुझ्या माहेरी, पोर जन्मलं की माड लावायचे, म्हणून तू इमारतीतही लावलेस. गिरगावातून आलेल्या बाबांनी कुंडीपेक्षा मोठं झाड कधी सांभाळलं नव्हतं. खिडकीतला उजेड जाईल, एवढंच ते म्हणाले. माझ्या माडाला तू मीठ घातलंस, सुक्या बोंबलांची डोकी पुरलीस आणि त्याचं त्याला वाढू दिलंस. धाकटी मात्र आठव्या महिन्यात, पौषात जन्मली, मूठभर. तिला तू दुपट्यात, दुपट्यावर शालीत, शालीवर बाबांच्या मफलरात गुंडाळलंस आणि पुढच्या हिवाळ्यात तोच न्याय तिच्या माडाला लावलास. भाईंदरची थंडी म्हणजे पंखा चारवरून दोनवर आणायचा, एवढीच. पण मार्गशीर्ष लागला की तू पेटीतून अबोली पातळ काढायचीस, झावळ्या वर गोळा करायचीस आणि तो माड असा नेसवायचीस की लांबून वाटावं, कुणीतरी पाहुणी दार उघडायची वाट बघत उभी आहे. बेन गॅलरीतून वाकून विचारायच्या, "भाभी, झाड को सर्दी हुआ क्या?" तू त्यांना उत्तर द्यायची नाहीस. घरात येऊन मला सांगायचीस, "त्याला बोलता येत न्हाय म्हणून काय त्याला थंडी वाजत न्हाय?"

मी तेव्हा नऊ वर्षांची आहे, आणि माझा प्रश्न वेगळाच आहे. माझ्या माडाला पातळ का नाही? मी एकदा विचारलंही. तू भाकरी थापत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "तुझा धट हाय. त्याला काय व्हतंय." हे तू कौतुकाने म्हणाली होतीस हे मला आता समजतं. तेव्हा मला एवढंच समजलं की जो धट आहे त्याला कुणी काही नेसवत नाही. हे माझ्या मनात किती खोल गेलं याचा पुरावा म्हणजे आज, पंचेचाळिसाव्या वर्षी, मला साधी सर्दी झाली तरी मी घरात सगळ्यांना दिसेल अशी शाल घेऊन बसते.

तर जर्मनीची तयारी. पातळ मिळालं, पण तिथल्या थंडीत नुसतं पातळ पुरणार नाही, आत दिव्यांची माळ सोडायची, असं धाकटीने कुठेतरी वाचलं. माळ जुन्या पद्धतीची हवी, तापणाऱ्या बल्बची, कारण हल्लीचे दिवे तापतच नाहीत. तशी माळ तिला तिथे मिळेना. मग मी केबिन रोडवर निघाले. दुकानदाराने मला चायनाच्या, पाण्यात चालणाऱ्या, गाण्यावर नाचणाऱ्या सगळ्या माळा दाखवल्या. मी प्रत्येक माळ लावायला सांगायची, दोन मिनिटं थांबायची, बल्ब मुठीत धरायची आणि "ये गरम नहीं होता" म्हणून परत करायची. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, लोग आके बोलते हैं माळ गरम होती है, वापस लो. आप पहली हो जो गरम माँग रही हो." वरच्या फळीवरून त्याने धूळ बसलेलं एक खोकं काढलं. ती माळ इतकी तापली की मी हात झटकला आणि आनंदाने म्हटलं, हीच. त्याने ती कागदात बांधून दिली, पण माझ्याकडे बघणं काही थांबवलं नाही.

शांती नगरच्या कोपऱ्यावरच्या कुरिअरवाल्या मुलीने फॉर्म भरायला घेतला. वस्तू काय? एक जुनी साडी, एक दिव्यांची माळ. कशासाठी? मी खरं सांगून टाकलं, "पेड को पहनाना है." माझ्यावर दया करून तिने लिहिलं, धार्मिक कार्य. मी खोडलं नाही. आई, तू असतीस तर तूही खोडलं नसतंस.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं असं मला वाटत होतं. मग एकदा, पातळ पोचल्यावर, धाकटी अगदी सहज म्हणाली, "ताई, माझ्या नावाचा एक माड मेलाय. हा मला घालवायचा नाही." तू गेलीस तेव्हा तिला विमान मिळेपर्यंत तीन दिवस गेले होते, तुझं सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल ती आजवर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. चौदा वर्षं झाली. या झाडाबद्दल मात्र ती रोज बोलते. आळ्यात तुझ्यासारखी माशांची डोकी पुरली, तर बागेत कोल्हा आला आणि अर्धं आळं उकरून गेला, तेही तिने मला तासभर सांगितलं. थंडी वाढली तेव्हा तिने विचारलं, आई शेंड्यावर काय घालायची गं? मला आठवत होतं. रेनकोट.

आता इथे मला जरा मागे जायला हवं, कारण तो रेनकोट आला कुठून हे तुला अर्धंच माहीत आहे. तू सकाळी आठला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यावर पॉलिशच्या कामाला जायचीस. माझी शाळा दुपारची. मधल्या त्या वेळात मी धाकटीच्या माडाचं पातळ सोडायचे आणि माझ्या माडाला नेसवायचे. शाळेत जायच्या आधी पुन्हा सोडून जागच्या जागी. आठवडाभर हे सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी तू माडापाशी उभी राहिलीस, पातळाची गाठ बोटांत धरलीस आणि म्हणालीस, "ही गाठ माझी न्हाय." मी म्हटलं, वारा असेल. "वारा काय गाठी मारतो?" तू विचारलंस आणि वर बेनच्या गॅलरीकडे बघितलंस. मी काही बोलले नाही. एवढंच, आई. नऊ वर्षांच्या मुलीने न बोलणं, एवढाच माझा गुन्हा. पण त्यानंतर त्यांच्याकडून येणारा ढोकळा बंद झाला, आपल्याकडून जाणाऱ्या घावन-चटणीची थाळी बंद झाली, आणि पाणी आलं की तुम्ही दोघी एकमेकींकडे पाठ करून हंडे भरायला लागलात. शिक्षा ताबडतोब मिळाली म्हणायची. तो ढोकळा मला फार आवडायचा.

आणि दुसऱ्या दिवशी तू माझा लहान झालेला पिवळा रेनकोट काढलास. टोपीवाला, प्लास्टिकचा. पातळावरून तो माडाच्या शेंड्यावर चढवलास, गळ्याशी काथ्याने आवळलास आणि अशा गाठी मारल्यास की माझ्या नखांना त्या सुटेनात. खिडकीतून बघितलं तर एक पिवळी मुलगी पाठ करून उभी. माझाच रेनकोट, तोही तिलाच. मी बोलणं सोडलं, म्हणजे सोडल्याचं तुला कळेल याची काळजी घेऊन सोडलं. होळीच्या सुमारास तू गाठी कापल्यास. पानं वरून हिरवी होती. तू मधली सुरळी, अजून न उलगडलेलं कोवळं पान, दोन बोटांत धरून हळूच ओढलंस आणि ते सबंध वर आलं. टोकाशी तपकिरी, लिबलिबीत, आंबलेल्या पेजेसारखा वास. माडाला शेंडा एकच असतो, तो गेला की झाड गेलं, हे तू मला तेव्हा सांगितलंस. आणि मग धाकटीला कडेवर घेऊन म्हणालीस, "गारठ्याने गेला. आता ताईचा माड दोघींचा." माझा माड असा अर्धा झाला आणि मला तक्रारही करता येईना, कारण मला माहीत होतं त्याला गारठा कुणी लावला. सकाळी दहा ते बारा, उन्हात, घाम येत असताना मी त्याला उघडा ठेवला होता. पस्तीस-छत्तीस वर्षं मी हे मानत आले, आई. शिकले, नोकरीला लागले, लोकांच्या चुका काढण्याचा पगार घेतला. पण भाईंदरच्या उन्हात माड थंडीने कसा मरेल, हे एकदाही स्वतःला विचारलं नाही.

तर मी धाकटीला सांगितलं, रेनकोट घाल. टोपीसकट. तिने पिवळाच आणला, हट्टाने. फोटो पाठवला. बर्फात उभी असलेली एक पिवळी मुलगी, कमरेला तुझं अबोली पातळ, आत तापणारी माळ. मी तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. तीन महिने आम्ही दोघी आमच्या हुशारीवर खूश होतो.

मार्चमध्ये तिने व्हिडिओ कॉल करून माझ्यासमोरच सगळं सोडवलं. कोट, माळ, पातळ, सुतळी. झाड हिरवं दिसत होतं. मग तिने मधली सुरळी दोन बोटांत धरली. मी "नको ओढू" म्हणेपर्यंत ती वर आली होती. "ताई," ती म्हणाली, "हातात आली." मग ती सुरळी कॅमेऱ्यासमोर धरून बसली. वास फोनमधून येत नाही हे मला माहीत आहे. तरी मी तोंड बाजूला वळवलं.

मग कुंपणापलीकडून तिच्या शेजारचे आजोबा आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांच्या स्वतःच्या बागेत असे तीन माड आहेत. त्यांनी सुरळी बघितली, मग गवतावर पडलेला रेनकोट उचलून उलटा केला. आतून पाणी ठिबकत होतं. ते काय म्हणाले ते धाकटीने मला जसंच्या तसं सांगितलं. थंडीने पानं जातात, कोंब जातो तो ओलीने. प्लास्टिक कधी घालायचं नसतं, आत दमट होतं आणि शेंडा कुजतो. मग ती हळूच म्हणाली, "ताई, म्हणजे तेव्हा आईने..." मी म्हटलं, आधी झाडाचं बघ.

आजोबांनीच उपाय सांगितला. कुजलेलं सगळं काढायचं, जखम धुवायचं फेसाळणारं औषध त्या भोकात ओतायचं, आणि उघडं ठेवून वाट बघायची. आपल्या माडाला हे चाललं नसतं, पण ही जात चिवट आहे म्हणे. दोन महिने काही झालं नाही. मग एक टोक दिसलं, पण ते वाढतंय की नुसतंच आहे हे कळेना. धाकटीने त्या टोकावर आणि शेजारच्या देठावर मार्करने एकच आडवी रेघ मारली. वाढलं तर टोकावरची रेघ वर सरकेल. रोज चहाच्या वेळी माझ्याकडे एका रेघेचा फोटो यायला लागला. ऑफिसातल्या मुलीने विचारलं, मॅडम, हा कसला रिपोर्ट? मी म्हटलं, घरचा. नवव्या दिवशी रेघ बोटभर वर होती. पान वाकडं आलं, टोक करपलेलं, पण आलं. धाकटी फोनवर म्हणाली, "धट आहे हा." हा शब्द तिला कुठून मिळाला मला माहीत नाही. मी मात्र त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आले.

गेल्या रविवारी जुन्या इमारतीत गेले होते. माझा, म्हणजे आमचा, माड चौथ्या मजल्यापर्यंत गेलाय. नारळ उतरवायला पाडेकरी आला की सोसायटीचे सेक्रेटरी मला बोलावून दोन नारळ देतात, एक माझा आणि एक धाकटीचा, आणि तिचाही मीच खाते. बेन गॅलरीत बसलेल्या होत्या. आता त्यांना कमी दिसतं. "कौन? भाभी की बड़ी?" त्यांनी विचारलं आणि वर बोलावून ढोकळा दिला. त्यांना वाटतं तुमचं भांडण पाण्यावरून झालं होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि या वेळीही काही बोलले नाही.

हे मी तुला पाठवणार नाही, पत्ता असता तरी नसतं पाठवलं. पाठवायचंच झालं, तर शेजारच्या आजोबांचं पान मधून काढून ठेवीन. बाकीचं तू वाच. धाकटीचा माड गारठ्यानेच गेला, आई. आणि पातळ बेननी नाही, मी सोडलं होतं.