मॅडमसाठी साफ केलेला माळ

मुक्काम चौक, मंगळवार, संध्याकाळ

मोज्यात गवताचा सड अजून टोचतोय. काढावासा वाटत नाही.

दगडखाणीसाठी जे गुरचरण मागितलंय, तिथलं गवत परवानगीच्या अहवालासाठी आज नोंदवायचं होतं. गेले तर निम्मा माळ कापलेला, नुसते सड. वर तुराच नसेल तर गवताची जात ओळखायची कशी? गावातल्या तुळसाकाकू विळा घेऊन वाटच बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम येनार म्हनून सगली राबलो आमी. पायाखाली जनावर आलं तं दिसाया नको?"

पाहुण्यासाठी अंगण झाडावं तसा माळ झाडलाय यांनी. रागवायचं तरी कुणावर?

ऑफिसात फोन केला. साहेब शांतपणे म्हणाले, "दिसलं ते लिही. उजाड माळ." म्हणजे संपलंच. उजाड जमिनीवर खाण नको, असं कोण म्हणणार? त्यांना तेवढंच हवंय का? की मलाच तसं वाटतंय?

ओढ्यापलीकडच्या उरलेल्या निम्म्या माळावर गवत अजून उभं आहे. निघताना काकूंना बजावलं, तिकडं विळा लावू नका, तुमच्या गुरांसाठीच सांगतेय. त्या हसल्या. "भिऊ नका मॅडम. उद्या तुमी यायच्या आत तेवडं पन साफ करतो." मी पुन्हा सांगितलं. मान डोलावली त्यांनी, पण ऐकलं का?

मघापासून काकूंना फोन लावतेय, लागत नाही. तांबडं फुटायच्या आत तिथं पोचायला हवं. नाहीतर काकू मला साफ केलेला माळ हौसेनं दाखवतील, आणि तो उजाड आहे असं मलाच लिहावं लागेल.